वरच्या श्रेणीतल्या अकूस्टिक गिटारी: कानाने काय ऐकायचं, डोळ्याने काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन महागड्या गिटारी निवडून ठेवल्या आहेत. एक रोझवुडची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद बॉडीची, कडेने सगळीकडे अ‍ॅबलोनी शिंपल्याचं जडावकाम. दुसरी महोगनीची, दिसायला अगदी साधी. तिसरी लहान बॉडीची, सीडरच्या टॉपची, म्हणजे पुढच्या फळीची. यांच्या आवाजात खरंच किती फरक असतो, किमतीतला किती भाग निव्वळ दिसण्याचा, आणि तिन्ही समोर ठेवून तुलना करायची तर कशी?

आधी मत सांगतो, मग कारणं. या श्रेणीत आवाज मुख्यतः टॉप आणि त्याच्या पोटातले ब्रेस, म्हणजे आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या, ठरवतात. दिसणं मुख्यतः बाजू, मागची फळी आणि जडावकाम ठरवतं. म्हणजे ज्या भागावर नजर खिळते तो आवाजात कमी बोलतो, आणि जो सगळ्यात जास्त बोलतो त्याचा मोठा भाग बाहेरून दिसतच नाही. गिटारी तयार करताना आणि दुरुस्त करताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. म्हणून आवाजाची पारख आणि रूपाची पारख वेगवेगळी करा, आणि ती दोन कुठे एकमेकांना भेटतात तेवढं नीट समजून घ्या.

मार्टिन कंपनीच्या डी-२८ आणि डी-४५ शेजारी शेजारी ठेवून बघा. बॉडीचा आकार तोच, स्केल (तारेची वाजणारी लांबी) तोच, मागे दोन्हींना रोझवुड. ४५ला वेगळं काय, तर कडेची अ‍ॅबलोनीची पट्टी, फ्रेटबोर्डवरचं, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीवरचं, जडावकाम आणि दिसायला जास्त निवडक लाकूड. पहिली डी-४५ १९३३ मध्ये गायक-अभिनेते जीन ऑट्री यांच्यासाठी बनली आणि १९४२ पर्यंत अशा फक्त ९१ बनल्या. आज त्यांना मिळणारी किंमत बरीचशी त्या दुर्मिळतेची आहे. त्याच वर्षांतली, त्याच कारखान्यातली चांगली डी-२८ आवाजात तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते.

याहून बोलकं उदाहरण हेरिंगबोनचं आहे. जुन्या डी-२८च्या कडेला माशाच्या काट्यासारख्या नक्षीची लाकडी पट्टी असायची आणि संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. पण त्या गिटारींच्या आवाजाचं मोठं कारण आत होतं. त्यांचे ब्रेस दोन्ही टोकांकडे पोखरून हलके केलेले असायचे, ज्याला स्कॅलपिंग म्हणतात. लोक जाड तारा लावू लागले, टॉपवर ताण वाढला, आणि मार्टिनने १९४४च्या अखेरीस स्कॅलपिंग बंद केलं. हेरिंगबोन मात्र त्यानंतरही काही काळ, साधारण १९४७ पर्यंत, लागत राहिलं. त्यामुळे त्या मधल्या काळातल्या गिटारी बाहेरून हुबेहूब आधीच्यांसारख्या दिसतात आणि आतून वेगळ्या आहेत. आधीच्यांचा खर्ज मोकळा, हात लावताच उठणारा. नंतरच्यांचा आवाज जास्त आवरलेला. कंपनीने १९७६ मध्ये एचडी-२८ काढली तेव्हा हेरिंगबोन आणि स्कॅलप केलेले ब्रेस दोन्ही एकत्र परत आणले, आणि ते योग्यच केलं.

आता मागच्या फळीकडे येतो, कारण किमतीच्या चर्चेत सगळ्यात जास्त शब्द तिच्यावर खर्च होतात. स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एक गिटार बनवली, तिची बाजू आणि पाठ कागदाच्या लगद्याची होती आणि टॉप स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा. गिटार वाजते ती टॉपमुळे, हे त्याला दाखवायचं होतं. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आपल्या काळात, २०१८ मध्ये, इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी यापुढचं पाऊल टाकलं. गिटारकार रॉजर बकनॉल यांनी सहा गिटारी एकाच मापाच्या आणि एकाच पद्धतीने बांधल्या. फरक फक्त बाजू आणि पाठीच्या लाकडाचा: ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड म्हणजे शिसवी, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. ५२ गिटारवादकांनी त्या अंधुक उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून वाजवल्या. सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण मिळाले.

यावरून पाठीच्या लाकडाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. रोझवुड जड असतं आणि कंपन कमी गिळतं, त्यामुळे सुराची आस, म्हणजे छेडल्यावर तो रेंगाळण्याचा काळ, थोडी लांबते आणि मागे उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, साय धरते. महोगनी हलकी, तिचा आवाज सरळ, मध्यम सप्तकात भरलेला, कोरडा. मेपलमध्ये सूर लवकर विझतो, म्हणून माइकसमोर आणि इतर वाद्यांच्या गर्दीत तो स्वच्छ राहतो. हे कल मला कानाने ओळखता येतात, पण एकाच कारागिराच्या दोन गिटारींमध्ये टॉपची जाडी थोडी इकडेतिकडे झाली तर तो फरक या कलांना सहज गिळून टाकतो. वेगवेगळ्या कंपन्यांची रोझवुड आणि महोगनी घेऊन ‘लाकडाची तुलना’ करणाऱ्यांच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. ते दोन कारखान्यांची तुलना करत असतात.

टॉपचं लाकूड मात्र निवडीच्या वेळी विचारात घ्याच. सिट्का स्प्रूस सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यांत मधला आहे. अ‍ॅडिरॉन्डॅक स्प्रूस, ज्याला रेड स्प्रूसही म्हणतात, वजनाच्या मानाने फार ताठ. जोरात पिक (तार छेडायची चकती) मारा, आणखी जोरात मारा, आवाज फुटत नाही, वाढत जातो. हळू वाजवणाऱ्याला तो सुरुवातीला थोडा आखडलेला वाटू शकतो. एंगलमन आणि आल्प्समधला युरोपियन स्प्रूस कमी जोरातही मोकळे होतात. वेस्टर्न रेड सीडर हलकं आणि मऊ. बोटाने नुसतं छेडलं तरी पूर्ण स्वर बाहेर येतो, पहिल्या दिवसापासून. पण त्याला एक छत आहे. भरभरून स्ट्रमिंग केलं, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडल्या, की एका टप्प्यानंतर जोर वाढतो, आवाज वाढत नाही, फक्त गढूळ होतो. तुमच्या यादीतली तिसरी गिटार तपासताना हे छत कुठे आहे ते आधी शोधा.

स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) सॅडलपर्यंतची (टॉपवर तारा अडकतात त्या ब्रिजवरची पट्टी) तारेची लांबी, याबद्दल खरेदीदार क्वचित विचारतात आणि मला ते नेहमी खटकतं. मार्टिनच्या ड्रेडनॉटचा स्केल २५.४ इंच, गिब्सन कंपनीच्या जे-४५ या गिटारीचा २४.७५ इंच. त्याच तारा, तोच सूर, तरी छोट्या स्केलवर ताण कमी पडतो. बोटाखाली तार मऊ लागते, मुरकी आणि मींड सोपी जाते, आवाजाचा काठ जरा गोल होतो. १९४२ पासून जे-४५ची जी ओळख आहे, म्हणजे कमी आस, ठाशीव मूळ स्वर, आवाजाखाली बसणारी साथ, तीत या अर्ध्या इंचाहून थोड्या जास्त फरकाचा मोठा वाटा आहे.

घराण्यांची, म्हणजे कंपन्यांची, नावं तुम्ही विचारली नाहीत, पण तुलना त्यांच्याशिवाय अपुरी राहील. मार्टिन रोझवुड ड्रेडनॉट म्हणजे भरदार खर्ज आणि वर चमकते उपस्वर. गाण्यामागे आणि पिकने वाजवायला उत्तम, खोलीत एकट्याने बोटांनी वाजवताना कधी कधी खर्ज जास्त होतो. गिब्सनबद्दल वर लिहिलंच. टेलरचा आवाज समतोल, वरच्या बाजूला उजळ, सगळ्या फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सुरात; २०१८ मध्ये कंपनीचे रचनाकार अँडी पॉवर्स यांनी आणलेलं व्ही-क्लास ब्रेसिंग, म्हणजे ब्रेसची व्ही आकाराची मांडणी, याच दिशेने पुढे गेलं. कॉलिंग्जमध्ये कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, आणि बांधणीची सफाई इतकी की दुरुस्ती करणाऱ्याला हात लावायला जागा सापडत नाही. उत्तर आयर्लंडच्या लाउडनमध्ये आस लांब, उपस्वर दाट. बोटांनी वाजवणाऱ्यांना ती लगेच आवडते, जलद स्ट्रमिंगमध्ये ते सगळं एकमेकांत मिसळतं. यातली कुठलीही दुसरीपेक्षा ‘वरची’ नाही. या किमतीला दर्जा बहुतेक ठिकाणी मिळतोच, स्वभाव मात्र जुळावा लागतो.

आता प्रत्यक्ष तुलना. तिन्ही गिटारींवर एकाच कंपनीच्या, एकाच गेजच्या (जाडीच्या) नव्या तारा असल्याच पाहिजेत. जुन्या तारांची भारी गिटार नव्या तारांच्या साध्या गिटारीसमोर हरते, आणि मग माणूस लाकडाला दोष देतो. तिन्ही एकाच सुरात लावा. जमलं तर त्याआधी त्या एकाच खोलीत काही तास राहू द्या. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असली तर उत्तम. कोरड्या हवेत टॉप बसतो आणि आवाज कडक होतो, दमट हवेत फुगतो आणि आवाज मंदावतो.

मग दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा. तेच दोन तुकडे, त्याच क्रमाने, मग क्रम उलटा. जी गिटार थोडी मोठ्याने वाजते ती कानाला आपोआप चांगली वाटते, म्हणून मोठ्या आवाजाच्या गिटारीला मुद्दाम थोडं हळू वाजवायला लावा आणि मत टिकतं का ते बघा. त्यानंतर तुम्ही स्वतः वाजवा, कारण वाजवणाऱ्याला येणारा आवाज आणि समोरच्याला येणारा आवाज एकच नसतो. काही गिटारी समोर खूप फेकतात आणि वाजवणाऱ्याला कंजूष वाटतात.

स्वतः वाजवताना कॉर्डवर भुलू नका. मोकळ्या तारांचा जी कॉर्ड कुठल्याही नीट बांधलेल्या गिटारीवर सुंदर लागतो. पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर सावकाश घ्या, बोटाच्या मांसल भागाने. खरी परीक्षा इथे होते. साधारण गिटारीवर हे स्वर पातळ होत जातात, नुसती तार ऐकू येते, मागे बॉडी नाही. उत्तम गिटारीवर दहाव्या फ्रेटचा स्वरही गोल राहतो, त्याला पोट असतं, आणि सोडल्यावर तो एका दमात पडत नाही, उतरत जातो. हीच चाचणी आधी अगदी हळू आणि नंतर जोरात घ्या. हळू वाजवलेला स्वर नुसता लहान व्हायला हवा, मरगळलेला नाही. आणि जोरात वाजवल्यावर नुसता मोठा न होता त्याचा रंगही बदलायला हवा. महाग गिटारीत ज्या गोष्टीचे पैसे द्यावेत ती हीच, हातातल्या जोराच्या छोट्या छोट्या पायऱ्या तिने ओळखणं.

नंतर सहाव्या तारेवर पहिल्या ते सहाव्या फ्रेटचे स्वर एकामागून एक. बॉडीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो; ड्रेडनॉटमध्ये तो बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फ्रेटजवळ येतो. तिथे थोडा घुमारा येणारच. पण एखादा स्वर शेजाऱ्यांपेक्षा भसकन मोठा होऊन लगेच विझत असेल, तर तो दोष आहे आणि तो तुम्हाला रोज भेटेल. रेकॉर्डिंग करणार असाल तर ही चाचणी टाळू नका.

एवढं ऐकून झालं की डोळे उघडा. रूपातल्या काही गोष्टी आवाजाबद्दल खरं सांगतात. टॉप उजेडात तिरका धरा. उभ्या रेषांना आडव्या जाणाऱ्या बारीक रेशमी चकाकत्या खुणा दिसल्या तर लाकूड बरोबर कोनात, क्वार्टर-सॉन कापलेलं आहे, आणि आडव्या दिशेने ताठ आहे. मग टॉपच्या मधल्या जोडाच्या दोन बाजू बघा. एक अर्धा फिकट आणि दुसरा गडद दिसतो का? गिटार उलट टोकाने फिरवा, डोकं होतं तिकडे बूड. फिकट होता तो अर्धा आता गडद झाला, तर रंगात काही फरक नाही. तंतू फळीला समांतर नसून तिरके आत जातात आणि उजेड वेगवेगळा परततो. याला रन-आउट म्हणतात. थोडा चालतो. खूप असेल तर त्या दिशेने लाकूड कमी ताठ असतं, आणि ब्रिजजवळ चीर पडायचीही शक्यता वाढते. जडावकामाने भरलेल्या गिटारीवरसुद्धा हे दिसू शकतं, म्हणून अ‍ॅबलोनी बघण्याआधी हे बघा.

पॉलिश किती जाड आहे तेही दिसतं. फार जाड थर काचेसारखा सपाट चमकतो, आतल्या लाकडाचा पोत हरवतो, आणि टॉपवर ओझं होतो. पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरमध्ये रेषांचा हलका उठाव बोटाला लागतो. वर्षं गेली की ते पिवळसर होतं, कधी बारीक तडे दाखवतं. फ्रेंच पॉलिश सगळ्यांत पातळ आणि सगळ्यांत नाजूक. टेलरसारख्या कंपन्यांनी अतिनील प्रकाशात सुकणारं पॉलिएस्टरही पुरेसं पातळ करून दाखवलं आहे, त्यामुळे ‘पॉली’ ऐकून नाक मुरडू नका, थर बघा.

बाकीचं रूप आवाजाबद्दल फारसं बोलत नाही. टॉपच्या रेषा किती जवळजवळ आहेत यावरून काही ठरत नाही; उत्तम अ‍ॅडिरॉन्डॅकच्या रेषा पुष्कळदा रुंद आणि असमान असतात, रंगाचे पट्टेही असतात, आणि अनेक खरेदीदार तेवढ्यावरून ती गिटार बाजूला ठेवतात. एबनीच्या फ्रेटबोर्डवरचे तपकिरी पट्टे कमी दर्जाचे नाहीत. कोआ (हवाई बेटांवरचं लाकूड) किंवा मेपलमधल्या लाटा बघत राहाव्यात अशा असतात, पण त्या आवाज वाढवत नाहीत. क्विल्टेड मेपलचे फुगे तर सपाट कापलेल्या फळीतच खुलतात, आणि तशी फळी हवामानाबरोबर जास्त हलते. ब्राझिलियन रोझवुडच्या काळ्या जाळीदार नक्षीचंही तेच: सगळ्यात देखणे तुकडे बऱ्याचदा सपाट कापलेले किंवा बुंध्याचे असतात आणि चिरतात. शिवाय ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय ती गिटार सीमेपलीकडे नेणं किंवा विकणं म्हणजे संकट ओढवून घेणं. भारतीय रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीपासून सूट आहे. आवाजासाठी ब्राझिलियनमागे धावू नका, असं मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

तुमच्या तिघींबद्दल. गाणं म्हणत साथ करायची असेल तर महोगनीला पहिली संधी द्या. ती गळ्याला जागा सोडते, आणि साधी दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतंय असा मला संशय आहे. बोटांनी, हलक्या हाताने, बहुतेक वेळ एकट्याने वाजवत असाल तर सीडर. रोझवुड ड्रेडनॉट हवी असेल तर ती त्याच कंपनीच्या जडावकाम नसलेल्या रोझवुड मॉडेलसमोर, वर सांगितल्याप्रमाणे पाठ करून ऐका. आवाज तुल्यबळ निघाला आणि तरीही शिंपल्याच्या त्या पट्टीवर मन जडलं असेल, तर ती घ्या आणि त्यात संकोच मानू नका. जडावकाम हे कसबाचं काम आहे. कोपऱ्यात दोन पट्ट्या जिथे भेटतात तो काटकोनी सांधा भिंगाखाली बघा. केसाचीही फट नसेल तर ज्या हाताने ते केलं त्याला दाद म्हणून दिलेले ते पैसे आहेत. फक्त ते आवाजाचे पैसे समजून देऊ नका.

निवड झाली की पैसे देण्याआधी नेकचा कोन तपासा, कारण नंतर नेक रीसेट करावी लागली, म्हणजे मान सोडवून नव्या कोनात बसवावी लागली, तर ते मोठं काम असतं. सरळ पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजपर्यंत न्या. तिचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेवर टेकायला हवं, त्याच्या पोटात शिरता कामा नये. सॅडल ब्रिजच्या वर किमान तीन मिलिमीटर दिसावं आणि ब्रिजपाशी तारा टॉपपासून साधारण अर्धा इंच उंच असाव्यात. सॅडल आधीच घासून घासून ब्रिजला टेकलं असेल आणि तरीही बाराव्या फ्रेटवर अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) जास्त असेल, तर आवाज कितीही आवडला तरी विक्रेत्याकडून रीसेट करून मिळेपर्यंत ती गिटार घरी आणू नका.